चुंबकाला चिकटलं म्हणजे आभाळातून पडलं, असं नव्हे



सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाकडून मी शाळेच्या स्लॅबवरची धूळ गोळा करून घेतली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्या धुळीवरून फिरवलं. पिशवीला काळ्या कणांची लव चिकटली. ते कण कागदावर झाडून फोल्डस्कोपखाली, म्हणजे त्या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यात चार-पाच चकचकीत काळे गोळे दिसले. अगदी गोल, मोहरीसारखे, पण मोहरीपेक्षा कितीतरी लहान. मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या शाळेवर पडलेले उल्केचे कण’. पोरं हरखून गेली. पालकांच्या ग्रुपवर फोटो गेले, अंगठे आले, मलाही शाबासकी मिळाली.

आठवड्याने वर्गातला एक मुलगा कागदाच्या पुडीत काळी भुकटी घेऊन आला. म्हणाला, “सर, हे पण बघा ना.” पाहिलं, तर तेच गोळे. तसेच गोल, तसेच चकचकीत, आणि संख्येने कितीतरी जास्त. कुठून आणलंस म्हटलं, तर म्हणाला, “आमच्या दुकानात, ग्राइंडरखालचं आहे.” त्याच्या वडिलांचं उसाच्या ट्रॉल्या बनवायचं वेल्डिंगचं दुकान शाळेसमोरच, रस्ता ओलांडला की. पोरगं मला खोटं पाडायला आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, आपल्या दुकानातही उल्का पडतात!

त्या दिवशी मला जो धडा मिळाला, तो आज तुमच्यापुढे ठेवतोय. धूळ आणि चुंबकाचा हा प्रयोग हल्ली बऱ्याच शाळांत होतो, व्हिडिओतून फिरतो, विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसतो. तो बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण तो अर्ध्यावर सोडतो, आणि जो अर्धा सोडतो त्यातच खरं विज्ञान आहे.

आभाळातून धूळ पडते का?

पडते, यात शंका नाही. धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यापासून सुटलेली बारीक धूळ सूर्याभोवती फिरत असते. त्यातली काही सतत पृथ्वीच्या वाटेत येते. सेकंदाला अकरा किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने ती वातावरणात शिरते, हवेशी घासून तापते. काही कण वाफ होऊन संपतात, काही न वितळता खाली येतात आणि काही वितळून थेंबासारखे गोल होतात व थंड होऊन जमिनीवर उतरतात. यांना सूक्ष्म उल्का म्हणतात. आकार बहुतेक वेळा मिलिमीटरच्या आत, पुष्कळांचा तर मिलिमीटरच्या दशांश भागाएवढा.

किती पडते, याचं गणित वर्गात जरूर करून घ्या. अंटार्क्टिकातल्या काँकॉर्डिया तळाजवळचा बर्फ वितळवून एका फ्रेंच गटाने अनेक वर्षं असे कण गोळा केले. २०२१ साली त्यांनी काढलेला अंदाज असा, की ०.०३ ते ०.२ मिलिमीटर आकाराची सुमारे ५,२०० टन अवकाशधूळ दरवर्षी पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोचते. पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. सगळीकडे सारखीच पडते असं धरून भागाकार केला, तर एका चौरस किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकरांवर, वर्षभरात साधारण दहा ग्रॅम. दोन चमचे साखर भरेल तेवढं वजन. आपला नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. तरी अकोल्यापासून जामखेडपर्यंत सगळ्या जिल्ह्यावर मिळून वर्षाला पावणेदोनशे किलोच्या आसपास. कांद्याच्या साडेतीन गोण्या म्हणा ना!

आता हेच गणित आपल्या स्लॅबवर आणा. एका चौरस मीटरवर वर्षाला मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. ०.२ मिलिमीटरच्या एका कणाचं वजनही साधारण तेवढंच भरतं. म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाला असा एखादा कण, आणि तोही पावसाने पन्हाळीतून वाहून गेला नाही तर. माझ्या वर्गाने मात्र अर्ध्या तासात पिशवीभर ‘उल्का’ गोळा केल्या होत्या! हा भागाकार मी आधी केला असता, तर फळ्यावर ते वाक्य लिहिताना खडू थांबला असता.

समुद्राच्या तळाशी कशाला जायचं?

असे कण पहिल्यांदा ओळखले गेले ते समुद्राच्या तळच्या गाळात. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र धुंडाळत फिरलं. त्याने खोल तळावरून आणलेला गाळ जॉन मरे या शास्त्रज्ञाने चुंबकाने तपासला. त्याला बारीक काळे गोळे मिळाले, आणि हे आकाशातून आलेले असावेत असं त्याने मांडलं. गंमत बघा, त्याचं साधन आपलंच होतं, साधं चुंबक. मग त्याचा निष्कर्ष टिकला आणि माझा दुकानातल्या पोराने आठवड्यात पाडला, असं का?

पहिलं कारण जागेचं. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, चार-पाच किलोमीटर खोल पाण्याखाली नदीचा गाळ जवळजवळ पोचत नाही. तिथे गाळ इतका सावकाश साचतो, की हजार वर्षांत थर वाढतो तो काही मिलिमीटर. म्हणजे तिथला एक सेंटिमीटर जाडीचा गाळ उचलला, की काही हजार वर्षांत आभाळातून पडलेली धूळ एका जागी हाती येते. आपल्याकडे एका वावटळीत जेवढी माती स्लॅबवर येते, तेवढी तिथे साचायला पिढ्यान् पिढ्या जातात. शिवाय मरेच्या गाळातले खालचे थर कारखाने आणि वेल्डिंग यांच्या कितीतरी आधीचे.

यातलं मोठं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं आहे. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. आपल्या सहली गोव्याला जातात, दोना पावलाला फोटोही निघतात, पण या संस्थेचं नाव मुलांच्या कानावर क्वचितच पडतं. मध्य हिंदी महासागराच्या तळावर बटाट्याएवढे धातूंचे गोटे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. या गोट्यांच्या शोधासाठी भारताने तिथे वर्षानुवर्षं सर्वेक्षण केलं, आणि १९८७ साली त्या कामात अग्रणी गुंतवणूकदार म्हणून भारताला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. त्या भागातून वर आलेल्या गाळात डॉ. एम. श्याम प्रसाद, डॉ. एन. जी. रुद्रस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातले कण शोधले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात गेल्या सुमारे ५०,००० वर्षांत पृथ्वीवर अशी धूळ किती प्रमाणात येत राहिली याचा अंदाज आहे. गोट्यांसाठी गेले आणि गाळही टाकून न देता जपला, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

चुंबक ही फक्त पहिली चाळण

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या शास्त्रज्ञांचं काम चुंबकापाशी संपत नाही, तिथून सुरू होतं. गाळ धुवायचा, चाळायचा, चुंबकाने वेगळा करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून एकेक कण निवडायचा. निवडलेला कण राळेत बसवायचा, घासून त्याचा छेद उघडा करायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आतली रचना व रसायन तपासायचं.

आत काय बघतात? लोहाच्या गोळ्यात निकेल आहे का, क्वचित त्यात प्लॅटिनमच्या कुळातल्या धातूंचा बारीक दाणा आहे का. दगडी गोळा असेल तर मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांचं प्रमाण उल्कापाषाणांशी जुळतं का. झपाट्याने थंड होताना तयार झालेल्या स्फटिकांची नक्षी दिसते का. दगडी गोळ्यांतही मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक तयार झालेले असतात, म्हणून तेही चुंबकाकडे ओढले जातात. पण ज्वालामुखीतून आलेले कणसुद्धा ओढले जातात, जहाजाचा गंजही ओढला जातो. चुंबक एवढंच सांगतं, की हा कण मला ओढता येतो. कण कुठून आला, हे चुंबकाला विचारून उपयोग नाही.

माझी आजी सुपात ज्वारी घेऊन बसायची. दाणे सगळ्यांनाच दिसतात. आजीची नजर खड्यांवर असायची. गोव्यातले शास्त्रज्ञ हेच करतात. आपण मात्र मुलांच्या हातात सूप देतो आणि पाखडायच्या आधीच ज्वारी स्वच्छ झाली म्हणून सांगतो.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे आहे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक? त्यासाठी नॉर्वेच्या यॉन लार्सन यांची गोष्ट सांगतो. हा माणूस पेशाने जॅझ गिटारवादक. शहरातल्या छपरांवर सूक्ष्म उल्का शोधायच्या असं त्याने ठरवलं. शहरातल्या धुळीत माणसाने केलेली भेसळ इतकी असते, की त्यात हे कण ओळखणं अशक्य, असंच तेव्हा शास्त्रज्ञ मानत. लार्सनने वर्षानुवर्षं धूळ तपासली आणि फसवणारे कण कोणकोणते, हे आधी नीट ओळखायला शिकला. शेवटी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले मॅथ्यू गेंज यांच्यासारख्या तज्ज्ञांनी त्याचे कण प्रयोगशाळेत तपासले. २०१७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला: ऑस्लो, पॅरिस, बर्लिन इथल्या छपरांवरच्या ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म उल्का. किलोला दोनसुद्धा नाहीत! आणि माझ्या वर्गाची सगळी धूळ किलोभरही नव्हती.

म्हणजे छपरावर उल्केचा कण सापडू शकतो. पण तो सापडला, हे ‘हा नव्हे, हाही नव्हे’ असं हजारदा म्हणून झाल्यावर कळतं.

आपली जमीन आणखी फसवी

आपल्या जिल्ह्यात तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. आपण बसाल्टवर राहतो. कळसूबाईपासून सीनेच्या काठापर्यंत पायाखाली हाच काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. या कातळातच मॅग्नेटाइटचे कण असतात. कातळ झिजतो, कण ओढ्यात येतात. प्रवरेच्या किंवा मुळेच्या वाळूत चुंबक फिरवा, मूठभर काळे कण मिळतील. ते आकाशातले नाहीत, आपल्याच डोंगरातले आहेत. भिंगाखाली ते बहुधा कोनाकोनाचे दिसतात, गोल नव्हे.

मग माणसाने केलेले. वेल्डिंग, ग्राइंडर, गॅस कटर यांच्या ठिणग्या म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे थेंब. हवेत गोल होतात आणि तसेच थिजतात. ते पुष्कळदा गुळगुळीत, चकचकीत, काही आतून पोकळ. दिवाळीतल्या फुलबाजीत लोखंडाची भुकटी असते, तिच्या ठिणग्यांचेही गोळे होतात. धुराड्यातून उडणाऱ्या राखेतही वितळून गोल झालेले कण असू शकतात, आणि साखर कारखाने आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. ‘गोल आणि चुंबकाला चिकटणारा’ एवढीच खूण धरली, तर आपला सगळा जिल्हाच उल्केचा ठरेल.

मग वर्गात करायचं काय?

मी आता हा प्रयोग उलट्या बाजूने घेतो. स्लॅबवर सगळ्यात शेवटी जातो. आधी ‘ओळखीचे’ नमुने जमवतो: ओढ्याची वाळू, वेल्डिंगच्या दुकानातला झाडून आणलेला कचरा (काम बंद असताना आणि मोठ्या माणसाने आणलेला), ताटलीवर धरून जाळलेल्या फुलबाजीची भुकटी. प्रत्येकातले चुंबकाला चिकटणारे कण मुलं भिंगाखाली पाहतात, चित्र काढतात, आकार, रंग, चकाकी लिहितात. मग पाऊस संपल्यावर आणि दिवाळीच्या आधी स्लॅबवरची धूळ आणतो. कठडा नसलेल्या स्लॅबवर मुलांना चढवायचं नाही, तिथे आपणच जायचं. धूळ बादलीत धुवायची, वरचा काडीकचरा ओतून द्यायचा, खालचा गाळ वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळायचा आणि मग चुंबक. ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक कण उचलायचा.

आणि तीन काडेपेट्या. एकीवर ‘आपल्या दगडातला’, दुसरीवर ‘माणसाने केलेला’, तिसरीवर ‘सांगता येत नाही’. प्रत्येक कण कोणत्या पेटीत टाकला आणि का, याची वहीत एक ओळ. ‘उल्केचा’ अशी चौथी पेटी मी ठेवत नाही. ती भरायचा अधिकार प्रयोगशाळेचा.

गुणही मी त्याप्रमाणे वाटतो. दहांपैकी चार नोंदींना, चार नाकारण्याच्या कारणांना आणि दोन मांडणीला. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली. नंतर ‘सर, हा वेल्डिंगचा वाटतो, पण याला चकाकी नाही, मग?’ असे प्रश्न सुरू झाले. असे प्रश्न उल्का सापडल्याच्या आनंदात माझ्या वर्गात कधी आले नव्हते.

प्रदर्शनातली एक गोष्ट

मध्यंतरी एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेची एक मुलगी याच तीन काडेपेट्या घेऊन उभी होती. परीक्षकांनी विचारलं, “मग तुला सापडलं काय?” ती म्हणाली, “सर, एकशे बारा कण बघितले. एकशे नऊ आपलेच आहेत. तीन कळले नाहीत.” परीक्षक हसले आणि पुढे गेले. दोन टेबलं सोडून थर्माकोलची सूर्यमाला, रंगीत दिवे आणि ‘आमच्या गावात पडलेली उल्का’ असा फलक होता. क्रमांक त्या टेबलाला मिळाला.

त्या दुसऱ्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला. मीही एकदा तसंच सांगितलं होतं. पण घरी जाताना ती मुलगी म्हणाली, “सर, पुढच्या वर्षी मी पण ‘उल्का सापडली’ असंच लिहू का?” हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपण सगळ्यांनी मिळून तिला त्या दिवशी काय शिकवलं, याचं उत्तर त्या प्रश्नात होतं.

काही जण म्हणतील, लहान पोरं आहेत, थोडं खोटं असलं तरी उत्सुकता वाढते ना? मलाही आधी तसंच वाटायचं. पण उत्सुकता खऱ्यानेही वाढते. आपल्या अंगणातला काळा कण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातला आहे, हे काय कमी आहे? गोव्यातल्या प्रयोगशाळेत समुद्राच्या पाच किलोमीटर खोलीवरच्या चिखलातून डोक्यात न मावणाऱ्या काळाची धूळ कुणीतरी दाणा दाणा निवडते आहे, हे ऐकून कोणतं पोर कंटाळेल? खोट्याने वाढवलेल्या उत्सुकतेला वेल्डिंगच्या दुकानातली एक पुडी पुरते. आज धुळीबद्दल पुराव्यावाचून बोलायची सवय लागली, तर उद्या औषधाबद्दल, बियाण्याबद्दल, व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराबद्दलही तीच सवय राहणार.

म्हणून दोन विनंत्या. शिक्षकांनो, परीक्षक म्हणून कुठे गेलात, तर ‘काय सापडलं’ याच्या आधी ‘काय काय नाकारलं आणि का’ हे विचारा. उत्तर देता आलं, तर त्या मुलाला गुण द्या, मग टेबलावर दिवे असोत नसोत. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी घरी येऊन ‘मला नक्की सांगता येत नाही’ असं म्हणाली, तर लगेच ‘मग शिकलीस काय?’ असं म्हणू नका. तिच्या काडेपेट्या उघडून बघा, तिला कारणं विचारा.

त्या मुलीची तिसरी काडेपेटी मी कपाटात जपून ठेवली आहे. आत तीन कण आहेत. ते कुठले, ते मला अजून ठाऊक नाही. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी तीच पेटी दाखवतो आणि तसंच सांगतो.